धायरीतला ‘स्टे’ : एका रस्त्याच्या फाइलचा शोध

धायरीतल्या साठेक फ्लॅटच्या एका सोसायटीचं हे प्रकरण. ओळख पटू नये म्हणून सर्व्हे नंबर, दावा क्रमांक आणि माणसांची नावं गाळली आहेत.

मुख्य रस्त्यावरून सोसायटीत यायला वीस फुटी कच्चा रस्ता. शेजारच्या जमीनमालकाने एके दिवशी त्याच्या तोंडाशी पत्रे ठोकले, गाडी जेमतेम निघेल एवढी फट ठेवली आणि पाटी लावली : ‘सदर मिळकतीबाबत मे. कोर्टात दावा चालू असून मनाई हुकूम आहे. कोणीही व्यवहार अगर काम करू नये.’ पाटीवर ना दावा क्रमांक, ना कोर्टाचं नाव, ना हुकमाची तारीख. पुण्याच्या कडेच्या गावांत असल्या पाट्या कोणाला नव्या नाहीत. नऱ्हे, उंड्री, वाघोली, कुठेही जा, पत्र्याच्या कुंपणावर ‘ही जागा विकणे नाही’ आणि ‘दावा चालू आहे’ यांपैकी एक पाटी सापडतेच.

धायरी ऑक्टोबर २०१७ मध्ये महापालिकेत आली. तेव्हा ११ गावं घेतली होती, त्यांतलं हे एक. बऱ्याच पाठपुराव्यानंतर या रस्त्याखालून ड्रेनेज लाइन टाकायचं काम मंजूर झालं होतं. ठेकेदाराची माणसं जेसीबी घेऊन आली, पाटी वाचली आणि परत गेली. सोसायटीच्या सेक्रेटरी मॅडम कनिष्ठ अभियंत्यांना भेटल्या, तर ते म्हणाले, “स्टे आहे ना तिथे? स्टे नसल्याचं लेखी आणा, उद्या काम सुरू करतो.”

मागणी साधी वाटते, पण असं लेखी देणारं कार्यालयच नाही. ‘अमुक जमिनीवर कोणताही मनाई हुकूम नाही’ असा दाखला कोणतंही कोर्ट देत नाही. कोर्ट देतं ती असलेल्या कागदाची नक्कल. म्हणजे आधी दावा शोधायचा, मग त्यात नेमकं काय झालं ते कागदावर आणायचं. सोसायट्यांची कागदपत्रं लावून देण्याचं काम मी करतो, म्हणून हे माझ्याकडे आलं. मॅडमनी पहिल्याच भेटीत विचारलं, “दादा, पण आपण त्या दाव्यात पार्टीच नाही. आपल्याला कागद देतील का?” देतात. खरी मेहनत असते ती आपल्याला कोणता कागद हवा आहे हे ठरवण्यात.

कोर्ट म्हणजे कोणतं?

पाटीवर ‘मे. कोर्ट’ लिहिलं म्हणून ते पुण्यातलं शिवाजीनगरचं न्यायालय संकुलच असेल असं नाही. गावाकडच्या बोलण्यात तहसीलदारापुढचं प्रकरणही ‘कोर्टात’ असतं, प्रांतांकडचंही. त्यातून रस्त्याचा वाद असेल तर ही शक्यता आणखी वाढते. मामलेदार कोर्ट कायदा १९०६ चा आहे आणि आजही वापरात आहे. शेताकडे जाणारा रस्ता कोणी अडवला तर सहा महिन्यांच्या आत तहसीलदाराकडे दाद मागता येते आणि तो अडथळा काढायचा हुकूम देऊ शकतो. फेरफारावरची, म्हणजे जमिनीच्या दप्तरातल्या हक्कबदलाच्या नोंदीवरची, भांडणं प्रांतांकडे अपिलात जातात. महसूल खात्याची ही अर्धन्यायिक प्रकरणं ई-क्यूजे कोर्ट नावाच्या वेगळ्या पोर्टलवर दिसतात. जिल्हा न्यायालयाच्या संकेतस्थळावर ती शोधून उपयोग नाही.

दिवाणी दाव्यांसाठी मात्र धायरी हवेली तालुक्यात, म्हणून शिवाजीनगर. मावळातली जमीन असती तर वडगाव, खेडमधली असती तर राजगुरुनगर. शिवाजीनगरलाही दाव्याचं मूल्यांकन कमी असेल तर दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर, जास्त असेल तर वरिष्ठ स्तर. वर अपील गेलं असेल तर जिल्हा न्यायालय किंवा मुंबई उच्च न्यायालय. कोल्हापूरला ऑगस्ट २०२५ पासून सर्किट बेंच सुरू झालं असलं तरी पुणे जिल्हा त्यात नाही, तेव्हा आपला शोध मुंबईतच करायचा.

सोसायटीचे अध्यक्ष या यादीनेच वैतागले. “एवढ्या ठिकाणी कोण शोधणार?” पण ई-क्यूजेवर आणि उच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावर नावाने बघायला एक संध्याकाळ पुरली, दोन्हीकडे काही निघालं नाही. उरलं शिवाजीनगर, आणि खरा वेळ तिथेच गेला.

नाव सापडलं, पण भलत्या आडनावाखाली

ई-कोर्ट्सवर, म्हणजे कोर्टांतल्या दाव्यांची माहिती देणाऱ्या संकेतस्थळावर, पक्षकाराच्या नावाने शोधता येतं. राज्य, जिल्हा, कोर्ट संकुल निवडायचं, नावाची किमान तीन अक्षरं, वर्ष, आणि प्रलंबित की निकाली ते. वर्ष दिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. आपल्याकडे वर्षही नव्हतं आणि नावही एकच होतं : पत्रे ठोकणाऱ्या अण्णांचं. अण्णांचं नाव घालून एकेक वर्ष बघितलं. काहीच नाही.

याची दोन कारणं असतात. पहिलं स्पेलिंग. रोमन लिपीत चौधरी तीन-चार तऱ्हांनी लिहिता येतो, आणि दावा दाखल करून घेताना समोर बसलेल्याने जो लिहिला तोच खरा. म्हणून पूर्ण नाव कधीच घालू नये. आडनावाची पहिली चार अक्षरं आणि मग डोळ्यांनी चाळावं. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. दाव्याच्या शीर्षकात पहिला वादी, पहिला प्रतिवादी आणि ‘इतर’ एवढंच असतं. अण्णा त्या ‘इतर’मध्ये कुठेतरी सातव्या नंबरवर असतील तर यादी चाळताना ते डोळ्यांना दिसतच नाहीत.

मग उलट्या बाजूने गेलो. सातबारा काढला. डिजिटल सहीचा उतारा १५ रुपयांत मिळतो. त्यावरचे फेरफार क्रमांक घेतले आणि जुने फेरफार एकामागून एक वाचले. अण्णांच्या वडिलांच्या मृत्यूनंतरची वारस नोंद त्यातच होती : तीन मुलगे, दोन मुली, आणि मुलींची नावं सासरच्या आडनावांसह. हिंदू उत्तराधिकार कायद्यातली दुरुस्ती ९ सप्टेंबर २००५ ला लागू झाली आणि वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाच्या बरोबरीने जन्मतः हक्क मिळाला. त्यानंतर पुण्याभोवतीच्या गावांत, जमिनीला भाव आलेला असताना, बहिणींनी भावांवर लावलेले वाटपाचे दावे किती झाले असतील याचा अंदाज शिवाजीनगरचा कोणताही वकील देईल. सेक्रेटरी मॅडम फेरफार वाचून लगेच म्हणाल्या, “धाकट्या बहिणीच्या नावाने बघा.”

बघितलं, आणि मिळालं. वादी धाकटी बहीण, सासरच्या आडनावाने. प्रतिवादी थोरला भाऊ आणि इतर. दावा वरिष्ठ स्तराकडे, स्पेशल मुकदमा. स्थिती : निकाली. निकालाचं स्वरूप : लोकअदालतीत तडजोड.

पाटीवर ‘दावा चालू’ लिहिलेलं, आणि दावा मिटून काही वर्षं लोटलेली.

पहिली प्रिंट आणि पहिला उतावीळपणा

अध्यक्षांना ती प्रिंट तशीच घेऊन महापालिकेत जायचं होतं. मी थांबवलं. संकेतस्थळावरची माहिती ही माहिती आहे, प्रमाणित प्रत नाही. तशी सूचना तिथेच दिलेली असते. शिवाय तडजोड झाली एवढंच कळलं होतं. कशावर झाली? त्यात रस्ताच बंद करायचं ठरलं असेल तर? आणि तडजोडीनंतर दुसरा दावा किंवा हुकूमनाम्याची दरखास्त, म्हणजे बजावणीचा अर्ज, दाखल झाली असेल तर? म्हणून सगळ्या वारसांची नावं घालून निकालानंतरच्या वर्षांतही शोध घेतला. काही सापडलं नाही.

त्या पानावर सर्वात उपयोगी निघाला तो सोळा अक्षरांचा सीएनआर, म्हणजे प्रत्येक दाव्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक. सुरुवातीला एमएचपीयू, म्हणजे महाराष्ट्र आणि पुणे. मग कोर्टाचा क्रमांक, मग दाव्याचा, शेवटी वर्ष. दावा एका कोर्टातून दुसऱ्याकडे वर्ग झाला तरी सीएनआरवरून तो सापडतो. दुसरा उपयोगी भाग तारखांचा. प्रत्येक तारखेपुढे ती कशासाठी होती ते दिसतं, आणि तारखेवर क्लिक केलं की त्या दिवशी काय झालं याच्या ओळी उघडतात. जुन्या दाव्यांत त्या फार त्रोटक असतात, अंतरिम हुकूम चढवलेलेही नसतात. पण ‘निशाणी ५ वर हुकूम’ अशी नोंद असलेली तारीख मिळाली, आणि पुढचा सगळा अर्ज त्या तारखेवर उभा राहिला.

महाराष्ट्राच्या दिवाणी कोर्टांत ‘स्टे आहे’ म्हणजे बहुतेक वेळा निशाणी ५. दाव्यासोबत तात्पुरत्या मनाईचा जो अर्ज दाखल होतो, त्याला रूढीने ५ नंबरची निशाणी पडते. त्यावर जो हुकूम होतो, तोच गावभर ‘स्टे’ म्हणून फिरतो. तो कोणाविरुद्ध आहे, कशापासून मनाई आहे आणि कधीपर्यंत, हे त्या एक-दोन पानांत असतं. ते वाचणारे फार थोडे.

खजिनदारांचा माहिती अधिकार

मी नक्कल अर्जाची तयारी करत होतो तोवर खजिनदारांनी परस्पर कोर्टाच्या जनमाहिती अधिकाऱ्याकडे माहिती अधिकाराचा अर्ज टाकला : ‘सदर दाव्याची संपूर्ण फाइल द्यावी.’ दहा रुपयांत काम होईल हा हिशेब. उत्तर आलं की न्यायालयीन अभिलेखाच्या प्रती न्यायालयाच्या नियमांनुसार अर्ज करून घ्याव्यात.

खजिनदार चिडले, पण उत्तर कायद्याला धरून होतं. गुजरात उच्च न्यायालयाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० ला हा मुद्दा मिटवला आहे : न्यायालयीन कामकाजाच्या प्रती देण्याची स्वतःची व्यवस्था उच्च न्यायालयाच्या नियमांत असेल, तर त्याच वाटेने जायचं, माहिती अधिकाराने नाही. तिऱ्हाइताने कारण सांगावं ही अटही तिथे टिकली.

पण त्या उत्साहाचा उपयोग दुसरीकडे करून घेता आला. माहिती अधिकार महापालिकेला लागू आहेच. खजिनदारांना सांगितलं, अर्ज तिकडे करा, आणि एकच विचारा : ‘या रस्त्याच्या कामाला मनाई करणारा कोणत्याही न्यायालयाचा हुकूम महापालिकेस बजावला गेला असल्यास त्याची प्रत द्यावी.’ महाराष्ट्रात हा अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांत बसवावा लागतो, ते एका परीने बरंच आहे. आपले लोक अर्जात रामायण लिहितात. उत्तर आलं : असा हुकूम अभिलेखात उपलब्ध नाही. म्हणजे ज्या स्टेमुळे महापालिकेने काम थांबवलं, तो महापालिकेला कधी मिळालेलाच नव्हता.

नक्कल अर्ज

सोसायटीतल्या सगळ्यांची पहिली मागणी एकच होती : पूर्ण फाइल. मी चार कागद मागितले. निशाणी ५ वरचा हुकूम, रोजनामा (तारीखवार कामकाजाची नोंद), तडजोडीची पुरसिस (पक्षकारांनी कोर्टात दिलेलं लेखी निवेदन) आणि लोकअदालतीचा निवाडा. पूर्ण फाइलला पानागणिक पैसे पडतात, वेळ लागतो, आणि त्यात पुराव्यात दाखल केलेली लोकांची खासगी कागदपत्रं असतात. ती दाव्यात नसलेल्याला सहजासहजी मिळत नाहीत, आणि अर्ज तिथेच अडकतो. निकालपत्र आणि हुकूमनामा हे सार्वजनिक दस्त आहेत. त्यांच्या प्रमाणित प्रतीचा आधार आधी १८७२ च्या पुरावा कायद्यात होता, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ७५ मध्ये आहे. दावा अजून चालू असता, तर तिऱ्हाइताला न्यायाधीशांची परवानगी घेण्याइतकं सबळ कारण दाखवावं लागलं असतं. इथे निकाल झालेला होता, तेवढं काम सोपं.

कारण लिहिताना मोठा मसुदा लागत नाही. आम्ही लिहिलं ते असं : ‘अर्जदार संस्था दाव्यातील पक्षकार नाही. दाव्यातील मिळकतीमधून अर्जदाराच्या इमारतीचा पोहोच रस्ता जातो. सदर रस्त्यावर मनाई हुकूम असल्याचा फलक लावल्याने महापालिकेचे काम थांबले आहे. वस्तुस्थिती कळण्यासाठी व महापालिकेस सादर करण्यासाठी खालील नकला मिळाव्यात.’ सोबत समितीचा ठराव, मॅडमचं ओळखपत्र, कोर्ट फी स्टॅम्प.

अर्ज एकदा परत आला. शेरा : निकालाची तारीख नमूद नाही. तो शेरा म्हणजे अडवणूक नव्हे. निकाली फाइल काही काळाने कोर्टातून अभिलेख कक्षात जाते आणि तिथे गठ्ठे निकालाच्या हिशेबाने लागलेले असतात. दावा दाखल झाल्याचं वर्ष सांगून गठ्ठा हाती लागत नाही. तारीख संकेतस्थळावर होतीच, मॅडमनी जागेवर भरली. ज्यांचा दावा फार जुना आहे त्यांच्यासाठी एवढंच : कोर्टाचे सगळे कागद कायम राहत नाहीत. १९१७ च्या अभिलेख नष्ट करण्याच्या कायद्याखाली नियम आहेत. निवाडा, हुकूमनामा यांसारखे कागद जपले जातात, समन्स आणि तारीख मागणारे अर्ज यांसारखी किरकोळ पानं मुदत संपल्यावर जातात. आणि काही प्रकरणं मुळातच बाहेरच्याला दिसत नाहीत : लैंगिक गुन्हे, मुलांसंबंधीची, बंद दाराआड चाललेली कौटुंबिक प्रकरणं. ते योग्यच आहे.

नक्कल तयार झाली तेव्हा मॅडम मेट्रोने जिल्हा न्यायालय स्थानकावर उतरून स्वतःच घेऊन आल्या. प्रत्येक प्रतीवर ‘खरी नक्कल’चा शिक्का, सही, आणि मागे तीन तारखा : अर्ज कधी आला, नक्कल कधी तयार झाली, कधी दिली. मॅडमना त्या तीन तारखांचं कौतुक वाटलं नाही, पण अपील करायचं असतं तर सगळा खेळ त्यांचाच होता. १९६३ च्या मुदत कायद्याच्या कलम १२ प्रमाणे नक्कल मिळवण्यात गेलेला काळ अपिलाच्या मुदतीतून वगळतात.

कागदात काय निघालं

निशाणी ५ वरचा हुकूम दीड पानाचा. अर्ज अंशतः मंजूर. दाव्याचा निकाल लागेपर्यंत प्रतिवादी भावांनी मिळकत विकू नये, तिऱ्हाइताचे हक्क निर्माण करू नयेत. बस. रस्त्याचा उल्लेखही नाही. आणि ‘निकाल लागेपर्यंत’ म्हणजे दावा संपला त्या दिवशी हुकूमही संपला.

आणखी एक गोष्ट. मनाई होती ती भावांना, आणि अण्णा त्या भावांपैकी एक. म्हणजे ज्यांना मनाई झाली होती, तेच मनाईची पाटी लावून बसले होते.

रोजनामा मी सगळ्यात आधी वाचतो. निवाड्यात शेवट असतो, रोजनाम्यात प्रकरणाची चाल असते : कोण हजर, कोण गैरहजर, कोणाची कैफियत (दाव्याला लेखी उत्तर) आली, कोणाविरुद्ध एकतर्फी हुकूम झाला. या रोजनाम्यात मध्येच एक ओळ होती : ‘उभय पक्षांनी तडजोड पुरसिस व नकाशा दाखल केला.’ पुरसिस आमच्या हातात होती, नकाशा नव्हता. पुरसिशीच्या एका कलमात लिहिलं होतं की पूर्व बाजूचा वीस फुटी रस्ता सर्व हिस्सेदारांच्या सामाईक वहिवाटीसाठी ठेवला आहे, ‘सोबतच्या नकाशात पिवळ्या रंगाने दाखविल्याप्रमाणे’. पिवळा रंग नेमका कुठून कुठे जातो हे नकाशाशिवाय सांगता येत नव्हतं. नकाशा मोठ्या कागदावरचा. त्याची नक्कल वेगळी मागावी लागली. दुसरा अर्ज, पुन्हा थोडे दिवस.

नकाशात पिवळा पट्टा मुख्य रस्त्यापासून थेट सोसायटीच्या फाटकापर्यंत होता. सोसायटीची जमीन मधल्या भावाच्या हिश्श्यातून बिल्डरने घेतलेली. लोकअदालतीचा निवाडा १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम २१ प्रमाणे दिवाणी हुकूमनाम्याइतकाच मानला जातो आणि त्यावर अपील नाही. स्टे शोधायला गेलेल्या सोसायटीला रस्त्याचा हुकूमनामाच मिळाला.

चार नकला, नकाशा आणि महापालिकेचंच माहिती अधिकारातलं उत्तर असा संच क्षेत्रीय कार्यालयात दिला. तो विधी विभागाकडे जाऊन आला आणि ड्रेनेज लाइनचं काम सुरू झालं. कामाच्या दिवशी अण्णांचा पुतण्या आला. भांडायला आला असेल असं सगळ्यांना वाटलं, तर म्हणाला, “ताई, त्या नकाशाची झेरॉक्स मिळेल का? आमच्या घरात कोणीच बघितलेला नाही.” मॅडमनी झेरॉक्स दिली.

पत्रे मात्र हटलेले नाहीत. ते काढायला हुकूमनाम्याची दरखास्त करावी लागेल. हुकूमनाम्याच्या बजावणीची सर्वसाधारण मुदत १२ वर्षं, ती अजून शिल्लक आहे. अडचण वेगळी आहे : हिस्सा मधल्या भावाचा, तो घेतला बिल्डरने, आणि बिल्डरने जमिनीचं अभिहस्तांतरण, म्हणजे मालकी नावावर करून देण्याचा दस्त, सोसायटीला आजवर करून दिलेलं नाही. हक्क हस्तांतरित झालेल्यालाही दरखास्त करता येते, पण तो हस्तांतरित झाल्याचा कागद आधी हातात हवा. वार्षिक सभेत त्यावर दोन तास चर्चा झाली आणि ठरलं की आधी मोफा या फ्लॅटमालकीच्या कायद्याच्या कलम ११ खाली मानीव, म्हणजे बिल्डरच्या सहीवाचून होणाऱ्या, अभिहस्तांतरणाचा अर्ज जिल्हा उपनिबंधकांकडे टाकायचा. त्या अर्जाला जोडायला नकाशाची आणखी एक प्रमाणित प्रत लागेल. तिचा नक्कल अर्ज या वेळी खजिनदारांनीच भरला, निकालाच्या तारखेसकट.